कुंकवाचा ठिपका

दवाखान्यातल्या विमला सिस्टरनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

"सहा तारखेला," सुमेधा म्हणाली. काल गुरुवार होता, सहा तारीख. विसरायचा प्रश्नच नव्हता.

सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे काल? आणि आज इथे बसलात ते काही त्रास होतोय म्हणून?"

"नाही, त्रास कसला. काल नाहले ना मी."

"नाहलात म्हणजे?"

"चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "मग सुरू झाली कधी?"

"सोमवारी. तीन तारखेला."

"आणि दिवस मोजता कुठून?"

"कॅलेंडरवरच्या ठिपक्यापासून," सुमेधा म्हणाली. नाचणे गावातल्या घरी स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. ती नाहली की सासूबाई त्यावर कुंकवाचं बोट टेकवत. आजपासून नैवेद्य सुनेकडे, एवढाच त्याचा अर्थ. पण घरात तारखेची खूण म्हणून तेवढीच होती. डॉक्टरांनी चौदावा दिवस सांगितला, तेव्हा तिने आणि नवऱ्याने, यज्ञेशने, त्या ठिपक्यापासून चौदा घरं मोजली होती. दर वेळी.

"अहो, पहिला दिवस म्हणजे रक्त दिसलं तो दिवस," सिस्टर म्हणाल्या. "आणि चौदावा दिवस जिची पाळी अठ्ठावीस दिवसांनी येते तिचा. तुमची कितीने येते?"

"सव्वीस."

"बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. म्हणजे तुमचं बाराव्या दिवसाच्या आसपास. सुटल्यावर ते जेमतेम दिवसभर टिकतं. पुरुषाचं बीज मात्र चार-पाच दिवस तग धरतं. म्हणून आधीपासून एक दिवसाआड एकत्र यायचं. तुम्ही जात होता सतराव्या दिवशी."

"म्हणजे दोन वर्षं वरातीमागून घोडं," सुमेधा म्हणाली. तिला हसू आलं.

"या वेळी नऊ ते चौदा तारीख धरा. एखादा दिवस इकडेतिकडे होतो. त्या दिवसांत अंगावरून पाणी जातं ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं होतं, ताणलं की तार निघते."

"आमच्या घरात अंडं चालत नाही, सिस्टर."

"खायला नका हो सांगत मी, बघायला सांगतेय!"

सुमेधा बाहेर आली आणि मारुती मंदिरच्या स्टॉपवर उभी राहिली. यज्ञेश जहाजावर नोकरीला होता. नऊ महिने बाहेर, तीन-चार महिने घरी. चोवीसला पुन्हा बोट धरायची होती, त्यासाठी तो मुंबईला मेडिकल आणि कोर्स करायला गेला होता. कोर्स आज संपत होता, पण परतीचं तिकीट अठराचं होतं. एकोणीसला चौदावा दिवस, असं दोघांनी मिळूनच मोजलं होतं. सुमेधा चौतीस वर्षांची होती. आत्ता चुकलं तर पुढचा हिशेब पुढच्या वर्षी.

तिने तिथूनच फोन लावला.

"रविवारी घरी पोच."

"अगं, एजंटाकडे कागद राहिलेत. बुधवारी बोलावलंय."

"कागद सतराला गेलास तरी होतील. आपण मोजायला चुकलोय. घरी ये, मग सांगते."

"आणि आईला काय सांगू?"

"आईंना मी सांगते."

हे बोलणं सोपं होतं. सासूबाईंसमोर, आनंदीबाईंसमोर, उभं राहणं नव्हतं. त्या ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. सुमेधाने कॅलेंडर भिंतीवरून काढलं, गेल्या वर्षीचंही कपाटातून काढलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं.

"आई, तुमच्या ठिपक्यावरून आम्ही दिवस धरत होतो. ते चुकलं. तुमचा ठिपका बरोबरच आहे, पण देवापुरता."

आनंदीबाईंनी अडकित्ता थांबवला. सुमेधाने सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. सासूसमोर असं बोलायची तिची पहिलीच वेळ. कान तापले, पण ती थांबली नाही.

आनंदीबाई बराच वेळ पानं उलटत राहिल्या. यज्ञेश घरी होता ते महिने त्यांनी बोटावर मोजले. आठ भरले.

"आठ वेळा," त्या म्हणाल्या. "आणि मी मेली गणपतीपुढे नारळ फोडत बसले. अगो, आधी का नाही विचारलंस कुणाला?"

"मला वाटलं, मला माहीत आहे."

"मलापण तेच वाटत होतं." त्यांनी पेन मागितलं आणि स्वतःच्या हाताने तीन तारखेवर फुली मारली. "यापुढे ही खूण तुझी. ठिपका माझा."

रविवारी सकाळी यज्ञेश रिक्षातून उतरला, तेव्हा आनंदीबाई पिशवी घेऊन फाटकात उभ्या होत्या.

"तू कुठे निघालीस?"

"संगमेश्वरला, गंगामावशीकडे. शनिवारी येईन."

"अगं, मी आत्ताच आलोय!"

"म्हणूनच चाललेय," त्या म्हणाल्या आणि त्याच रिक्षात बसल्या.

सुमेधा दारात उभी होती. या वेळी लागेलच असं सिस्टरनीही सांगितलं नव्हतं. पण दिवस सातवा होता, आणि तो तिने स्वतः मोजला होता.

"चहा टाकू?" तिने विचारलं, आणि त्याच्या हातातली बॅग घेतली.