मेस्त्रींचं नाक

"मामा, वास घेऊन सांगा ना, टाकीतलं पेट्रोल ठेवायचं की फेकायचं?"

भाचीने टाकीचं झाकण काढलं आणि बाजूला सरून जागा करून दिली. धक्क्यावर नेहमीची रिकामटेकडी मंडळी तमाशा बघायला उभी होतीच. मेस्त्री होडीच्या तळाशी गुडघ्यांवर बसले, टाकीच्या तोंडाशी वाकले आणि डोळे मिटून त्यांनी लांब श्वास घेतला.

काहीच नाही. पाण्याच्या पेल्यात नाक घातल्यासारखं. त्यांनी पुन्हा श्वास ओढला.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "राहू दे."

"बघितलंत?" धक्क्यावरचा एकजण म्हणाला. "यंत्र कशाला पाहिजे? मेस्त्रींचं नाक आहे."

शिळ्या पेट्रोलचा वास येत नाही म्हणजे पेट्रोल चांगलं, ही जन्माची सवय डोक्याच्या आधी जिभेवर आली होती. शब्द तोंडातून गेल्यावर मेस्त्रींना स्वतःची चूक कळली. आपल्याला शिळ्याचा वास येत नाही तसा ताज्याचाही येत नाही, हे त्यांना मागच्या हिवाळ्यात आलेल्या त्या तापापासून ठाऊक होतं. ताप उतरला, अंगात शक्ती आली, नाक मात्र परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल किंवा येणारही नाही. मेस्त्रींनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. बायकोलासुद्धा.

सांगणार तरी कसं? त्या किनाऱ्यावर त्यांच्या हातापेक्षा नाकाचं नाव मोठं होतं. पेट्रोल किती जुनं, त्यात रॉकेल मिसळलंय का, इंजिनाच्या आत काय जळतंय, सगळं ते झाकण उघडून सांगत. लोक थट्टेने त्यांच्या नाकाखाली बाटल्या धरत आणि ते कधी चुकत नसत.

होडी भाचीची होती, नवी कोरी नव्हे, वापरलेली. भाची दवाखान्यात नर्स. खाडीपलीकडच्या वस्त्यांवर पोरांना लस टोचायला जायचं तर दवाखान्याची लाँच कायमची बंद पडलेली. कुणाकुणाच्या होड्यांची वाट बघून ती कंटाळली आणि तिने स्वतःच ही घेऊन टाकली. आधीच्या मालकाने होडी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली टाकून ठेवली होती, अर्ध्या भरलेल्या टाकीसकट. लहानपणी ही मुलगी मामाच्या दुकानात नटबोल्ट रांगेत लावत बसायची. त्यामुळे होडी पाण्यात उतरल्या उतरल्या ती आली ती मेस्त्रींकडेच.

आणि मेस्त्रींनी कामात कसूर केली नव्हती. मागच्या आउटबोर्ड इंजिनातून गोडं पाणी फिरवून आतलं मीठ धुऊन काढलं. खालच्या गिअरचं तेल दुधासारखं पांढरं झालं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. ते बदलून सील नवं बसवलं. पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चक्र कडक झालं होतं, तेही बदललं. प्लग, फिल्टर, सगळं नवं. मग आपल्या दुकानातल्या कॅनमधलं ताजं पेट्रोल जोडून इंजिन चालवून बघितलं, तेव्हा ते इतकं सुरेल चाललं की भाचीने टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच टाकीचा प्रश्न निघाला. "राहू दे" म्हटल्यावर तिने विचारलं, "मग ते पेट्रोल टिकवायचं औषध घालू?" मेस्त्रींनी मान हलवली, औषध ओतलं आणि नळी टाकीला जोडून दिली. त्या औषधाने ताजं पेट्रोल ताजं राहतं, शिळं झालेलं काही ताजं होत नाही. हे त्यांनी आजवर किती जणांना बजावून सांगितलं होतं!

रात्री त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी त्यांनी ठरवलं, भाची दुपारी निघेल, त्याआधी जायचं, काहीतरी निमित्त काढून टाकी रिकामी करायची. निमित्त कोणतं, हे सुचेना. बायको गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली होती. जाताना "दुधाकडे बघा हो" म्हणून गेली. मेस्त्री शेगडीकडे पाठ करून टेबलापाशी बसले आणि निमित्तं जुळवत राहिले.

"अहो!"

बायको दारातून धावत आली. पातेल्याचा तळ कोळसा झाला होता.

"जिन्यापासून करपल्याचा वास येतोय, आणि तुम्ही इथे हाताच्या अंतरावर बसून..." ती बोलता बोलता थांबली. तिने शेगडी बंद केली. नवऱ्याकडे बघितलं. पातेलं उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. "वास येत नाही तुम्हाला?"

मेस्त्रींनी नकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?"

"तापापासून."

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे मी आमटी बिघडली का विचारायची, तेव्हा तुम्ही नुसतेच छान छान म्हणायचात?"

"अगं, ते जाऊ दे. पोरीच्या टाकीतलं पेट्रोल मी चांगलं म्हणून सांगितलंय."

"आणि ते वाईट आहे?"

"तेच कळत नाही ना मला!"

बायको ताडकन उठली. "ती गेली की! आत्ता गच्चीवरून दिसली, मला हात केला. भरती गाठायचीय म्हणून लवकर निघाली. मग इथे काय बसलात?"

मेस्त्रींनी फोन लावला. लागला नाही. पाण्यावर तो कधीच लागत नसे. त्यांनी हत्यारांची पिशवी आणि ताज्या पेट्रोलचा कॅन उचलला आणि धक्क्याकडे पळत सुटले. या वयात त्यांना पळताना बघून लोक दुकानांच्या बाहेर आले.

धक्क्यावर एकच होडी सुटायच्या बेतात होती आणि तिचा मालक होता सावकाश. मासे मारणारा हा माणूस आयुष्यात कधी घाईत दिसला नव्हता, म्हणून त्याला हे नाव पडलेलं.

"सिस्टर गेली ना? तिच्या मागे घे. लवकर."

"बसा तर आधी," सावकाश म्हणाला. "काय विसरली काय ती?"

"तू घे रे बाबा!"

सावकाशने दोर सोडला, गुंडाळला, नीट ठेवला. मेस्त्रींना वाटलं, आता आपणच पाण्यात उडी मारून पोहत जावं. खाडीच्या मुखाशी मालवाहू जहाजांची वाट होती. लहान होड्या ती झटकन ओलांडून जात. तिथे बंद पडलं तर... पुढचा विचार ते करत नव्हते आणि तोच पुन्हा पुन्हा येत होता. टाकीतलं पेट्रोल नळीतून पोचेपर्यंत इंजिन आत उरलेल्या ताज्या पेट्रोलवर चाललं असणार. ते संपायला आणि मुखाशी पोचायला एकच गाठ पडायची.

तसंच झालं होतं. होडी मुखाशी आडवी होऊन डोलत होती. भाचीने नांगर टाकला होता, पण तो खाली धरत नव्हता. पाण्याची जोरदार धार होडीला जहाजांच्या वाटेत ओढत होती. भाची इंजिनाची दोरी ओढत होती आणि मध्ये लसींच्या पेटीपाशी पलीकडच्या वस्तीवर परतणारी एक बाई तान्हं मूल पदराआड धरून बसली होती. लांबून एक जहाज येताना दिसत होतं.

"मामा!" भाची ओरडली. "चालू होतं आणि मरतं! काय झालंय त्याला?"

सावकाशने होडी अशी अलगद लावली की हातात अंडी असती तरी फुटली नसती. मेस्त्री पलीकडे चढले. टाकीची नळी उपटून त्यांनी कॅनला जोडली. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून आतलं सांडून दिलं. बोटांना चिकट, मधासारखं काहीतरी लागलं. नळीतला, पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी गोळा कडक होईपर्यंत दाबला, प्लग काढून पुसले, परत लावले. जहाजाचा भोंगा वाजला. मूल दचकून रडायला लागलं.

पहिल्या ओढीला काही नाही. दुसरीला खोकला. मग भाचीने मेस्त्रींच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि दोघांनी मिळून ओढलं. इंजिन धूर ओकत, अडखळत एकदाचं सुरू झालं. सावकाशने, कुणी सांगायच्या आधीच, त्यांचा नांगर वर खेचला होता. होडी वाटेतून बाहेर पडली. थोड्या वेळाने जहाजाच्या लाटांनी दोन्ही होड्या वरखाली झाल्या. त्या बाईने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

पाणी शांत झाल्यावर भाचीने विचारलं, "पेट्रोल चांगलं होतं ना?"

"शिळं होतं. मला वास येत नाही. हिवाळ्यापासून नाही येत."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा लाल झाला. "मग सांगायचं होतं ना, मामा! मला नाक नाही का? हिचं मूल होतं होडीत!"

"हो."

"हो काय?"

"चुकलं माझं," मेस्त्री म्हणाले. त्या परक्या बाईसमोर, सावकाशसमोर म्हणाले. सावकाशने तोंड दुसरीकडे वळवलं.

पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत भाची त्यांच्याकडे पाठ करून बसली. मेस्त्री इंजिनाजवळ बसून त्याचा आवाज ऐकत राहिले. आवाज ठीक होता. उद्यापर्यंत ही बातमी सगळ्या धक्क्यावर पसरेल, हे त्यांना दिसत होतं. बाटल्या आता कुणी त्यांच्या नाकाखाली धरणार नव्हतं.

वस्तीवर बायका मुलांना घेऊन झाडाखाली थांबल्या होत्या. भाचीने पेटी उघडली. होडीतली बाई त्या गर्दीत आपल्या थोरल्या मुलीला शोधत होती. तिने तान्हं मूल मेस्त्रींपुढे धरलं. "जरा घ्या हो, काका."

मेस्त्रींनी हात पुढे केले आणि मागे घेतले. भाचीकडे बघितलं. आजवर असं काही त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

"माझ्या हाताला पेट्रोलचा वास येतोय का गं?"

भाची सुई भरता भरता थांबली. सुई ठेवून ती उठली, त्यांचे दोन्ही तळवे धरून तिने नाकाशी नेले.

"येतोय. साबणाने धुवा."

ते हातपंपावर गेले, कोपरापर्यंत हात धुऊन आले. तिने पुन्हा वास घेतला.

"अजून थोडा. नखांत."

ते पुन्हा गेले. या खेपेला ती म्हणाली, "आता नाही," आणि कामाला लागली.

मेस्त्रींनी मूल घेतलं. ते रडून दमलं होतं, खांद्यावर पडल्या पडल्या झोपलं. बायका रांगेत पुढे सरकत होत्या. मेस्त्रींनी नकळत मान वाकवली, घरातलं प्रत्येक मूल घेताना वाकवली होती तशी, आणि त्याच्या टाळूवर नाक टेकून लांब श्वास घेतला. काहीच नाही. मग तसेच उभे राहिले, नाक टाळूवर टेकलेलंच. टाळू मऊ होती, ऊन होती, आणि तिच्याखाली काहीतरी बारीक, भरभर उडत होतं.