पारा चढला नाही तेव्हा

मी एक जुना थर्मामीटर आहे, मित्रांनो. जन्म विलायतेतल्या काचेच्या कारखान्यात, आयुष्य मात्र गेले म्हसावदच्या बाजारपेठेत. मला खोटे बोलता येत नाही, याचा मला फार ताठा होता.

१९५८ साली मोंबासाच्या बंदरात व्यापारासाठी गेलेल्या म्हसावदच्या पन्नालालशेठनी मला विकत घेतले. तिथे त्यांना विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, झाला होता. नव्या कॅप्सूलांनी ताप उतरला, तसे त्यांनी औषध थांबवले आणि उरलेल्या कॅप्सूल गावासाठी जपून ठेवल्या. आधी बोटीने, मग आगगाडीने आम्ही घरी आलो.

परदेशाहून आलेल्याने साऱ्या गल्लीला स्वतःच्या हाताने सरबत पाजायचे, असा त्यांच्या घरचा रिवाज. घर जैनांचे, जीवजंतू मरू नयेत म्हणून पाणी दुपदरी फडक्याने गाळले. पण रोगाचे जंतू शेठजींच्या पोटात अजून होते. शौचानंतर नीट न धुतलेल्या हातांवरून ते सरबतात गेले, हे कोणाला दिसणार?

पुढे गल्लीत माणसे तापाने पडू लागली. शेठजी मला घेऊन घरोघर जायचे. माणूस दिलदार. ज्याला ताप, त्याला दोन-तीन कॅप्सूल. शेजारच्या सुपडूचा ताप जरा उतरताच ते म्हणाले, "आते बस. बाकीन्या दुसराना कामले येतीन." सुपडू पुन्हा पडला आणि या खेपेला कॅप्सूलने काहीच केले नाही. औषध देऊनही पारा उतरेना, तेव्हा लोक म्हणत, थर्मामीटरच बिघडलाय. सुपडूच्या अंथरुणापासून उठून शेठजी हात न धुता तसेच घरी जेवायला बसत.

मग त्यांची धाकटी मुलगी नोजी तापाने फणफणली. शहाद्याच्या डॉक्टरांनी तेच औषध पुरेपूर दिले, तरी ताप हटेना. अर्धवट औषधात तगलेले जंतू आता त्या औषधाला जुमानत नाहीत, असे ते म्हणाले. दुसरे औषध त्यांच्याजवळ नव्हते. नोजीची आई लहरीबाई मला झटकून झटकून पुन्हा लावायच्या. मी काय करू? मला चढावेच लागे. मला स्वतःचा तिटकारा आला.

एका सकाळी मी नोजीच्या काखेत होतो आणि पारा चढलाच नाही. लहरीबाईंनी मला कपाळाला लावले.

"ताप उतरना. आते पोर बरी हुई जाई ना, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर नाडी धरून बसले होते. नोजीचे पोट दगडासारखे कडक झाले होते. विषमज्वरात आतडे फुटले की ताप असाच एकदम पडतो. त्यांनी मला हळूच लहरीबाईंच्या हातातून काढून घेतले.

नोजी दुपारपर्यंतच होती.

मित्रांनो, ताप गेला म्हणून औषध मध्येच सोडू नका. ते उरवून कोणाला वाटू नका, कितीही माया असली तरी. हात साबणाने धुऊन मगच कोणाला पाणी द्या. त्या सकाळी लहरीबाईंच्या तोंडावर जो आनंद होता, तो मला पुन्हा कोणाच्या आईच्या तोंडावर पाहायचा नाही.