पुढल्या चाकाची सय

"आण्णा, निघा आता बाहेर. कापडं गेली सगळी," पूजा म्हणाली.

गहिनीनाथ निघाला नाही. सावेडीतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात, एका करड्या, उंच गाडीच्या पोटाखाली तो उताणा शिरला होता. बाहेर फक्त पाय दिसत होते. आत मोबाईलचा उजेड इकडून तिकडे पळत होता, अंधारात चुकलेलं वासरू धुंडाळावं तसा.

"हिच्या पुढल्या चाकाला दांडाच न्हाई," आतून आवाज आला. "आन् मागं केवढं फोर बाय फोर लिवलंय!"

"ते स्टिकर आहे, काका," यशोधरा म्हणाली. बाजार तिचा होता. तोंडात पेन धरून ती मघापासून या म्हाताऱ्याची गंमत बघत होती. "आधीच्या मालकानं हौसेनं चिकटवलंय. ही मागच्या दोनच चाकांवर चालते. मी सांगणारच होते, तर तुम्ही आत शिरलात."

"म्हंजी कपाळाला गंध आन् देवाचा पत्ता न्हाई," म्हणत गहिनीनाथ बाहेर आला. पाठ झटकायच्या आधीच तो पुढच्या गाडीकडे निघालाही.

पावसाळा लागल्यापासून त्याचं असंच चाललं होतं. बसला की उठायचा. जेवताना घास हातात धरून दारापर्यंत जाऊन यायचा. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या काखेत त्याची वाडी. खालच्या डांबरी रस्त्यावरून वाडीत जायला एकच चढण, तांबड्या मातीची. उन्हाळ्यात तिच्यावरून कुठलीही गाडी जाई. पावसात मात्र एकट्या गहिनीनाथची जीप. त्या जीपमधून वाडीच्या नवऱ्या सासरी गेल्या, रेशनची पोती वर आली, अडलेल्या बाया वेळेत दवाखान्यात पोचल्या. माघात त्याची बायको दगडाबाई गेली. चैत्रात जीपची चासी, खालचा सांगाडाच, सडून मोडली. घराचे दोन खांब एका वाऱ्यात पडावेत तसं झालं. आणि आषाढात शेजारची छबूबाई घसरून पाय मोडून बसली, तेव्हा तिला चार गड्यांनी झोळीत घालून खाली नेलं. तिचं कण्हणं चढणीवरून उतरत गेलं ते गहिनीनाथच्या कानातून काही गेलं नाही.

पूजाने बापाला स्पष्ट सांगितलं होतं. "गाडी घ्यायची तर घ्या. पण पहिल्यांदा वर जाताना मी शेजारी बसणार. भर पावसात चढण चढली, तर राहा वाडीत. नाही चढली, तर गाडी विकायची आणि सावेडीला माझ्याकडं यायचं. मग वाद नाही."

त्याने मान हलवली होती. लेकीच्या फ्लॅटमध्ये तो दोनदा राहून आला होता. गॅलरीत उभं राहिलं की समोर दुसरी गॅलरी, आणि तीत त्याच्यासारखाच कोणीतरी उभा.

दुसरी गाडी लाल होती, दिसायला देखणी.

"ही चारी चाकांवर चालते, आपोआप," यशोधराने सांगितलं. "लिव्हर नाही, काही नाही. एखादं चाक घसरायला लागलं की गाडीला कळतं, आणि ती दुसऱ्या चाकांना ताकद देते. पावसात, ओल्या रस्त्यावर एक नंबर."

"घसरल्यावर कळतं व्हय हिला? आमच्याकडं घसरल्यावर कळून काय उपेग? तवर दरी ईती."

"लगेच कळतं हो, डोळ्याचं पातं लवतंय तोवर. पण तुमची अडचण वेगळी आहे. हिला लो गिअर नाही. खड्या चढणीवर माणसं भरून, मुंगीच्या पावलानं चिखलातून चढायचं, तर ही दमेल. पूजाताईंना शहरात चालवायला मी हीच दिली असती. तुम्हाला नाही."

गहिनीनाथने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. ही पोरगी विकायला बसली होती आणि तरी नको म्हणत होती.

तिसरी गाडी पत्र्याच्या शेडखाली एका बाजूला उभी होती. पांढरी, जुनी, दाराला पोचे. आत गिअरच्या दांडीशेजारी दुसरी एक बुटकी दांडी. गहिनीनाथने दार उघडून त्या बुटक्या दांडीवर हात ठेवला, आणि दिवसभर वळवळणारी त्याची बोटं गप झाली.

"ही जुन्या पद्धतीची," यशोधरा सांगू लागली. "एरवी मागची दोन चाकं. दांडी ओढली की चारी. अजून ओढली की लो. कोरड्या डांबरावर चारी लावून पळवायची नाही, आतली दातेरी चाकं तुटतील. आणि हिच्या पुढच्या चाकांचे हब..."

"अगं पोरी, हयात गेली माझी ह्यात! मला काय शिकवती?" तो हसत म्हणाला. "कोंबडीला उकरायला शिकवती व्हय?"

यशोधराही हसली, आणि पुढचं बोलली नाही.

श्रावणातल्या एका दुपारी बापलेक पांढऱ्या गाडीतून चढणीच्या पायथ्याशी आले. आभाळ खाली उतरलं होतं. चढणीवरून तांबडं पाणी ओघळत होतं, जणू कुणी वर बसून हळद-कुंकवाचं ताट धुतंय. पायथ्याशी एक काळा दगड होता. गहिनीनाथने तिथं गाडी थांबवली, दांडी ओढली. समोर हिरवा दिवा लागला.

"बघ आता," तो म्हणाला.

गाडी निघाली. पहिलं वळण चढली. मग मागची चाकं फिरायला लागली आणि गाडी जागीच. त्याने ॲक्सिलेटर वाढवला. चिखल उडाला, गाडी कलली आणि हळूहळू मागे सरू लागली. पूजाने डोळे मिटून घेतले. ब्रेक, स्टिअरिंग, पुन्हा ब्रेक करत त्याने गाडी कशीबशी खाली, दगडाशी आणली. पुन्हा चढवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर वळणापर्यंतही नाही.

"आण्णा, पुरे."

"गप! पुढली चाकं मेल्याली हायती हिची. दिवा जळतोय आन् चाकं मढ्यावानी! फशिवलं त्या पोरीनं!" त्याने फोन लावला. "अगं, म्हातारा बघून गळ्यात घातली व्हय? लेकीसमोर इज्जत घेतली माझी! फकस्त मागलीच फिरत्यात!"

यशोधराने त्याला सगळं बोलू दिलं. मग हळूच विचारलं, "काका, खाली उतरून हब फिरवलेत का?"

त्याने फोन कानापासून खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

पुढच्या चाकांच्या मधोमध डबीएवढी चकती असते. ती हाताने फिरवून जोडली तरच आतून आलेली ताकद पुढच्या चाकापर्यंत जाते. न जोडता नुसता दिवा जळतो. गहिनीनाथला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण त्याच्या हातांना ठाऊक नव्हतं. या दगडाशी जीप पुरती थांबायच्या आत दगडाबाई उतरायची. पदर खोचून आधी डावं चाक, मग वळसा घालून उजवं. फिरवता फिरवता तोंडाने काहीबाही गुणगुणायची:

पुढल्या माझ्या चाका, मागल्याची सय ठेव
चढनीच्या वाटं, बाई, जोडीनं पाय ठेव

मग बॉनेटवर दोन थापा. त्या पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा दोघांचा नेम. गहिनीनाथ दांडी ओढे आणि म्हणे, 'बघ, कशी चढती माझी रानी!' त्याला आपली दांडीच सगळं करते असं वाटत आलं होतं.

"मी फिरवते," पूजा दार उघडत म्हणाली. तिलाही आठवलं होतं. "आईनं दाखवलं होतं मला."

"न्हाई. तू बस."

तो उतरला, डाव्या चाकापाशी चिखलात गुडघे टेकले. चकती हलेना. आधी उलटीच फिरवली त्याने. मग सुलटी. बोटं निसटली, नखाखाली माती गेली. दगडाबाईच्या तळव्याला मधोमध एक गोल घट्टा होता, जात्याचा असेल म्हणून त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याने तळवा सगळा चकतीवर दाबला आणि फिरवला. आत कुठेतरी खट् वाजलं. वळसा घालून तो उजव्या चाकाशी गेला.

भिजून आत आला. दांडी परत जागेवर लोटली, दिवा विझला. दांडी ओढली. दिवा लागला. गिअर टाकला, आणि क्लचवर पाय धरून तसाच बसून राहिला.

"चला ना, आण्णा."

तो समोर बघत होता. काच पुसणारी पाती हलत होती आणि बॉनेटपलीकडे कोणी नव्हतं.

पूजा आपल्या हातांकडे बघत राहिली.

गहिनीनाथने गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि पुन्हा उतरला. गाडीसमोर जाऊन उभा राहिला, आणि मातीने भरलेल्या हाताने बॉनेटवर दोन थापा मारल्या. मग येऊन बसला, दार लावलं.

गाडी निघाली. घाई नाही, गुरगुर नाही. पुढच्या चाकांनी चिखलात पकड घेतली, आणि ती मागच्यांना ओढत वर निघाली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

"मी उद्या एसटीनं जाईन," पूजा बाहेर बघत म्हणाली. "तुम्ही छबूमावशीला राजूरला न्या. प्लॅस्टर काढायचंय तिचं."

"व्हय," तो म्हणाला.

पांढऱ्या बॉनेटवर तांबड्या पंजाचे दोन ठसे शेजारी शेजारी उमटले होते. एक पावसाने लगेच नेला. दुसरा चढण संपेपर्यंत होता.