दुसरीचं नाव

काचेबाहेर

"एकीचं नाव पाडलंय ना? दुसरीचं घरी आली की पाडू," पुरीबेन म्हणाली.

जलपाने टाके सांभाळत दवाखान्याच्या भिंतीचा आधार सोडला. "आली की? आणि नाही आली तर?"

"मी तसं बोलले का?"

"बोलायचं राहिलंय काय, बेन?"

वेरावळच्या खारवावाड्यात बाळाचं नाव फोई पाडते, बापाची बहीण. आई नाही, आजी नाही, आणि दर्यावर गेलेला बाप तर नाहीच. मेहुलला बोटीवर वायरलेसवरून एवढंच कळलं होतं, की जुळ्या मुली झाल्या, वेळेच्या फार आधी. थोरलीचं नाव फोई म्हणून पुरीबेनने राशीचं अक्षर बघून दिशा ठेवलं. धाकटी बोंबलाएवढी. तिच्या काचपेटीवर अजून ‘जलपाची दुसरी’ अशीच चिठ्ठी.

बिननावाचं बाळ गेलं तर गेलं. नाव घेऊन गेलं, तर ते नाव घरातच फिरत राहतं. पुरीबेनची स्वतःची एक पोर तशी गेली होती. जलपाला हे ठाऊक होतं. ठाऊक असूनही ती हटणार नव्हती.

"मग आत चला. पोरी दोन आणि माझी छाती एक. उघड्या अंगाची ऊब द्यायला घरातली आणखी एक बाई हवीय म्हणतात. सासूबाईंना खोकला आहे. उरलात तुम्ही."

"माझ्या अंगाला मासळीचा वास येतो गं."

"खारव्याचीच पोर आहे. होऊ दे सवय."

काचेआत

आंघोळ करून, बांगड्या उतरवून, कोपरापर्यंत हात धुऊन पुरीबेन खुर्चीत रेलली. शाइनी सिस्टरने नळ्या-तारांसकट धाकटीला तिच्या छातीवर पालथं ठेवलं आणि वरून कापड गुंडाळलं. शेजारी जलपा, छातीवर दिशा.

"हिचं वजनच लागत नाही."

"लागेल."

"नाव पाडणार नाही हं मी."

"नका पाडू. बसा."

पुरीबेन बसली. गप्प बसणं मात्र तिला कधी जमलं नव्हतं. ती हलक्या आवाजात बंदरावरच्या भानगडी धाकटीला सांगू लागली. पापलेटचा भाव कुणी पाडला, बर्फवाला कसा लबाड, आणि लबाडी तरी कशी, तर तो सकाळी…

यंत्र ओरडलं.

पडद्यावरचे आकडे घसरू लागले. धाकटीची पाठ हलेना.

"श्वास घ्यायला विसरली," शाइनी सिस्टर धावत आली. तिने इवला तळवा चोळला. "पाठ चोळा! हाक मारा तिला!"

काय म्हणून?

पुरीबेनचं तोंड नुसतंच उघडं. दुसरी? ए? अगं?

दिशाच्या तारांत अडकलेल्या जलपाला उठताही येईना. "बेन, मारा हाक!"

"जीवी!"

मासळीच्या लिलावाच्या ओट्यावरचा आवाज. आसपासच्या पेट्यांतली बाळं दचकली.

"ए जीवी! कुठं निघालीस? माझ्या छातीवरून उठून जातेस? बघतेच कशी जातेस ती! श्वास घे, मेले! जीवी!"

धाकटीने अंगाला एक हिसका दिला, तोंड वाकडं केलं आणि मांजराच्या पिल्लासारखी रडली. आकडे चढू लागले.

"इथे ओरडायचं नसतं," शाइनी सिस्टर म्हणाली.

"तूच म्हणालीस ना, हाक मार!"

जलपाने खांद्याने गाल पुसले. "सिस्टर, चिठ्ठी बदला. जीवी लिहा."

"ए, ती नुसती हाक होती! राशीचं अक्षरसुद्धा नाही. नाव पाडताना बाळाला झुलवायची झोळी कुठंय? झोळीची टोकं धरायला माणसं कुठंयत? फोईच्या मानाची साडी कुठंय?"

"पडलं ते पडलं."

"म्हातारीचं नाव आहे, जलपा. शाळेत पोरं हसतील."

"हसू देत. शाळेत जाईल, तेव्हाच हसतील ना?"

पुरीबेन धाकटीची पाठ चोळत राहिली.

शाइनी सिस्टरने पडदा पुन्हा नीट पाहिला. "थोडा वेळ पेटीत ठेवू का हिला? तुम्हीही दमला असाल."

पुरीबेनने कापडाची गाठ आणखी आवळली.

"जीवी कुठंही जात नाही," ती म्हणाली.