गंजकी तलवार आणि तिचं म्यान

श्रीवत्सकडे होती तेवढी दुर्मिळ तलवार धारवाडजवळच्या नवनगरात कुणाकडेच नव्हती, आणि ती त्याच्याकडे आहे हे नवनगरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तलवार गंजकी होती. एका ब्लॉकचेन गेममधली, गेम सुरू झाला त्याच आठवड्यात बनवणाऱ्यांनी नुसतं जमतंय का बघायला घडवलेली. पुढे गेम बंद पडला. किल्ले गेले, राक्षस गेले, पण कुठली वस्तू कुणाच्या नावावर ती नोंद तेवढी राहिली. शेत वाहून गेलं तरी उतारा शिल्लक राहतो, तसं. श्रीवत्स असल्या जुन्या वस्तू जमवायचा. तलवारीखेरीज त्याच्याकडे एक फुटकी ढाल होती आणि चौथा पाय काढायचा राहून गेलेली एक म्हैस.

म्यान मात्र दुसऱ्याकडे होतं. त्याचं नाव पाइनकोन. खरं नाव, गाव, काहीच माहीत नाही. गेमच्या जुन्या चॅटरूममध्ये हे दोघंच उरले होते. श्रीवत्स तिथे पाडव्याच्या शुभेच्छा लिहायचा, धारवाडात पाऊस झाला की तेही लिहायचा. पाइनकोन कधी बोलला नाही. पण अधूनमधून त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका लागायचा, आणि तो लागला की घरी कुणी आल्यासारखं वाटून श्रीवत्स शर्ट घालायचा. घरूनच बेंगळूरच्या कंपनीचं काम करणाऱ्या माणसाला शर्ट घालायला एरवी निमित्त नसतं. ठिपक्याने एकदा उत्तर द्यावं, एवढंच त्याचं मागणं होतं.

खंडेनवमीला त्याच्या आईने, वत्सलाबाईंनी, पाट मांडला. विळी, अडकित्ता, मिक्सर, स्कूटरची किल्ली.

"तुझी हत्यारं आण रे."

श्रीवत्सने लॅपटॉप उघडाच ठेवला, पडद्यावर तलवार लावून. कोपऱ्यात चॅटरूम उघडी राहिली.

"गंजलीय की ही," आई म्हणाली.

"मुळातच तशी आहे."

"चिंच लावून घासायची होतीस."

"घासता येत नाही ती, आई."

"तुझ्याकडून भांडी तरी कुठं घासली जातात." त्यांनी पडद्याला कुंकू लावलं, खाली पडद्याला टेकवून शेवंतीचं फूल ठेवलं. "मोबाइल पण ठेव. आता उद्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

गेल्या वर्षी त्याने पूजेतली किल्ली मध्येच उचलली होती. केलगेरीच्या तळ्याशी स्कूटर बंद पडली, आणि तो ती ढकलत घरी आला तेव्हा आई एक अक्षर बोलली नाही. ते न बोलणं त्याला अजून बोचत होतं.

दिवेलागणीला लॅपटॉप टिंग करून वाजला. हिरवा ठिपका लागला होता. खाली इंग्रजीत लिहिलेलं: आहेस का?

श्रीवत्स पाटासमोर मांडी घालून बसला. पुन्हा टिंग. आज इथे शेवटचा आलोय. तुझं सगळं वाचायचो मी, पावसाचं पण.

तिसऱ्यांदा टिंग झालं, पण ती ओळ शेवंतीमागे गेली. त्याने फुलावर फुंकर मारली. फूल जागचं हललं नाही, दिवा हलला.

"दिवा घालवशील," आई म्हणाली. "काय झालं?"

"म्यानवाला बोललाय. इतक्या वर्षांनी."

"मग ऐक की."

"उत्तर द्यायला पाहिजे."

"उद्या दे. दसऱ्याला माणूस घर सोडून जातोय कुठं?"

त्याचा हात मांडीवरून उठला, मिक्सरपर्यंत गेला आणि परत मांडीवर आला. "आहे मी," तो लॅपटॉपला म्हणाला.

वत्सलाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग पडद्याकडे वाकून जरा मोठ्याने सांगितलं, "आहे हो तो. समोरच बसलाय."

ठिपका विझला.

सकाळी उत्तरपूजा झाली, फूल उचललं. खाली होतं: नसशील तर असू दे. म्यान तुझ्या नावावर केलंय. दोन्ही एकत्र राहू देत. चॅटरूममध्ये आता एकच सभासद दिसत होता.

जगातली एकुलती एक पूर्ण जोडी श्रीवत्सकडे आली, आणि ती कुणाला दाखवावी तर ज्याला कळली असती तोच गेलेला. त्याने आईला दाखवली.

"बसते का आत?"

"गेमच बंद आहे. घालता येत नाही."

"बरं. आणि तू त्याला काय दिलंस?"

"तो गेला, आई."

"पत्ता आहे ना त्याचा?"

घराचा नाही, पण ब्लॉकचेनवर वस्तू ठेवायचा पत्ता होता. तो पुसता येतच नाही.

"मग? दसऱ्याचं सोनं नुसतं घेऊन बसतात काय?" आई बन्नीची, म्हणजे शमीची, पानं ताटात काढत म्हणाली.

श्रीवत्सने बराच विचार केला. फुटकी ढाल देणं बरं दिसलं नसतं, आणि म्हैस तर नाहीच नाही. त्याने तलवार पाठवली. नोंद झाली, कायमची. म्यान नवनगरात, तलवार कुठल्या तरी लांबच्या पत्त्यावर. जोडी पुन्हा तुटली, फक्त उलटी.

मग रिकाम्या चॅटरूममध्ये त्याने कन्नडमध्ये लिहिलं: बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण. खाली इंग्रजीत अर्थ दिला: हे पान घे, आपण सोन्यासारखे राहू.

आणि शर्ट घालून तो समोर बसला.