मी कधी हाक मारली नाही

"येऊ का?... येऊ का?"

भर दुपारी, सावली पायाखाली आलेली असताना, बांधावर ही हाक उठली होती. घोगरी, लांबवलेली, आडाच्या तळातून आल्यासारखी. तीस वर्षं होत आली, तरी ती माझ्या काठात अजून घुमते. सगळं गाव धरून चाललं की हाक माझीच होती. मित्रांनो, तुम्ही तरी माझ्यावर विश्वास ठेवा. मी तेव्हाही गप्पच होतो.

मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. डोंबिवलीच्या एका शाळेत, जिन्याखालच्या काचेच्या कपाटात राहतो. माझ्या एका अंगाला बरणीतला बेडूक आहे, दुसऱ्या अंगाला मोडका पृथ्वीगोल. गळ्यापासून पोटापर्यंत मला एक चीर गेली आहे. तुमच्यातले काही जण मधल्या सुट्टीत कपाटाच्या फटीतून पेन्सिलींची सालपटं माझ्या पोटात टाकतात. टाका बापडे. पोटात काहीतरी घेऊन बसायची मला जुनी सवय आहे.

माझा जन्म कल्याणच्या तांबटांकडे झाला. तेव्हा कोणाचं राज्य होतं ते मला सांगता येणार नाही. भांड्यांना राजे कळत नाहीत, हात कळतात. ज्या हातांनी मला घडवलं ते म्हातारे होते. ठोका जरा चुकला की तांबट त्या जागेवरून अंगठा फिरवायचा, लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा. मग मी एका घरी नांदायला गेलो. पहाटे पाणी, दुपारी पाणी, लग्नकार्यात हळदीचं पाणी. घरधनीण मला चिंचेने घासायची आणि उन्हात पालथा घालायची. आल्यागेल्याने "काय लखलखतोय हंडा!" म्हटलं की तिचाच चेहरा उजळायचा.

मग एका वर्षी वाईट बातम्या आल्या. गलबतं यायची थांबली. एक दिवस घरधनिणीने माझ्यातलं पाणी ओतून दिलं आणि रुप्याची लहान लहान जाड नाणी माझ्यात भरली. होडीतून मला दिवा गावाच्या बाजूला, खाडीकाठच्या एका शेतात आणलं. बांधाखाली खोल खड्डा खणला. झाकण बसवताना ती एवढंच म्हणाली, "येते हं."

जाते म्हणू नये, येते म्हणावं, ही आपली रीत. ती आली नाही. पण मी भांडं. कोणी शब्द ठेवला की तो धरून बसायचं, एवढंच मला येतं.

जमिनीखाली काळ मोजता येत नाही. वरून बैलांचे खूर जायचे ते मला पावसासारखे वाटायचे, आणि पाऊस खुरांसारखा. उधाणाचं पाणी खाऱ्या बोटांनी माझं अंग चाचपायचं. मी हिरवा पडत गेलो. लोक म्हणतात, हंड्यावर नाग बसतो. माझ्याकडे फार तर एखादी दिवड यायची, थंडीत वेटोळं घालून झोपायची, कात टाकून जायची. पिढ्या गेल्या. मी "येते हं" ऐकत बसलो होतो.

आणि एका वैशाखात माझ्या झाकणावर कुदळ आपटली.

एक तरणा गडी फुटलेला बांध घालत होता. त्याने हाताने माती सारली, झाकण किलकिलं केलं. कितीतरी पिढ्यांनी उजेडाची एक रेघ माझ्या पोटात आली. मला वाटलं, आली! पण तो वाकलेला चेहरा भेदरलेला होता. त्याने एकही नाणं उचललं नाही. नुसता बघत राहिला. तेवढ्यात लांबून जोडव्यांचा आवाज आला. त्याची वहिनी शेतावर भाकरी घेऊन येत होती. एका घरात दोघे भाऊ, वर म्हातारे आईबाप. धन दिसलं की ते सगळ्यांचं झालं असतं. त्याने झटकन झाकण लावलं, माती लोटली. वाकताना त्याच्या कनवटीची चुन्याची डबी खाली पडून मातीआड गेली. त्याला कळलंही नाही. तो बांधापलीकडच्या तिवरांच्या झुडपांत जाऊन बसला आणि वहिनीने घाबरून पळावं म्हणून त्याने तोंडाला हात लावून आवाज काढला, "येऊ का?... येऊ का?"

तुम्हांला ती समजूत ठाऊक असेल. पुरलेलं धन जमिनीखालून फिरतं, बाईमाणसाला हाक मारतं, येऊ का विचारतं. "ये" म्हटलं की चालत घरी येतं. पण फुकट येत नाही. घरातलं एक माणूस मोल म्हणून नेतं.

वहिनी पळाली नाही. तिचं नाव हौसा. तिला त्या गोष्टीचा अर्धाच भाग ठाऊक होता, कारण माहेरी कोणी पुढचा सांगितला नव्हता. तिने डोक्यावरची पाटी उतरवली, पदर सावरला, हात जोडले आणि अगदी घरच्या पाहुण्याला म्हणावं तसं म्हटलं, "ये."

वर तिवरांत त्या गड्याचा श्वास थांबला. तो मला खाली ऐकू आला.

आषाढात हौसाचा मुलगा नाथा तापाने गेला. चार वर्षांचा होता. त्याला मूठमाती दिल्यावर सासरच्या बायकांनी हौसाला गोष्टीचा उरलेला अर्धा भाग सांगितला.

त्यानंतर दर सर्वपित्रीला, टळटळीत दुपारी, ती बांधावर यायची. दूधभाताचा एक घास ठेवायची. मातीला तोंड लावून बोलायची. पहिल्यांदा ती रागाने बोलली: तुझं धन नको मना, घेतलंस ते परत दे. पुढे नुसतंच म्हणायची, परत दे. तिच्या ओठांची ऊब मातीतून माझ्या झाकणापर्यंत यायची. मी काय देणार होतो? माझ्यात तिचं काहीच नव्हतं. मित्रांनो, ज्याला हाक मारता येत नाही त्याला "ओ" तरी कशी देता येणार? कधी कधी ती तिथेच बसून जात्यावरची ओवी म्हणायची. तिचीच होती ती, दुसऱ्या कोणाच्या तोंडी मी ऐकली नाही.

बांधाखाली कोन बाई, येऊ का म्हनून बोललं
सोन्याच्या तागडीत, माजं बाळ गं तोललं

आणि त्या गड्याचं काय झालं? त्याचं नाव दगडू. तो परत कधी मला खणायला आला नाही. बांध घालायची वेळ आली की माझ्या जागेला वळसा घालायचा. त्याने तंबाखू सोडली. बांधावरून जाणाऱ्या बायका म्हणायच्या, पुतण्याच्या दुःखाने सोडली, केवढी माया. सर्वपित्रीला हौसा उठून गेली की तो हलकेच यायचा, घासाभोवतीच्या मुंग्या झाडायचा, उभा राहायचा. एकदा पुटपुटला, "माज्या तोंडानं तूच बोललास का रं?" मला फार भीती वाटली ते ऐकून. हंड्याला भीती वाटते, हे तुम्हांला खरं वाटणार नाही. पण आपण न केलेली गोष्ट चार जणांनी चोवीस वर्षं आपलीच म्हटली, तर आपणच केली असेल असं वाटायला लागतं.

आता तारमास्तरांविषयी सांगतो. प्रभाकर तारमास्तर डोंबिवलीला राहायचे, रेल्वेच्या तारखात्यात नोकरीला होते. लढाई संपली, कल्याणची लष्करी छावणी रिकामी झाली, तिथलं सामान भंगारात निघालं. लोकांनी पलंग घेतले, घमेली घेतली. मास्तरांनी भूसुरुंग हुडकायचं यंत्र घेतलं. लांब दांडा, खाली ताटासारखी चकती, खांद्याला बॅटरीची पेटी, कानाला दोन वाट्या. चकती धातूवरून गेली की कानांत गुणगुण वाढते. मरण शोधायला शिकलेलं ते यंत्र घेऊन मास्तर रविवारी जुनी नाणी शोधत शीळफाट्यापासून खाडीपर्यंत फिरायचे. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणायच्या, लोकांचे नवरे रविवारी भाजी आणतात, आमचे घोड्याचे नाल आणतात. गावकरी म्हणायचे, मास्तर जमिनीची नाडी बघतो, औषध काय देत नाही. हे सगळं मला पुढे मास्तरांनीच, शाळेला देण्याआधी माझी माती पुसताना सांगितलं.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात हौसाबाई स्वतःहून त्यांच्यासमोर उभी राहिली. विश्राम, तिचा नवरा, तोवर गेला होता. नाथाच्या मागे तिला मूल झालं नव्हतं. ती म्हणाली, "मास्तर, माज्या बांधावर फिरवा ते."

मास्तर हसले. म्हणाले, काय पुरलंय तुमच्या बांधात?

"काय नाय पुरलं. खाली काय नाय, एवढं मना एकदा कलू द्या."

मास्तरांचं हसू मावळलं. आजवर भेटलेल्या प्रत्येकाला खाली काहीतरी हवं होतं. ह्या बाईला खाली काहीच नको होतं. हंडा नसला तर हाक भासाची होती, आणि पोर नुसतं तापाने गेलं होतं. हंडा असला तर तिने आपल्या तोंडाने, हात जोडून, पोर देऊन टाकलं होतं.

त्या दुपारी वर चार पावलं आली. जोडवी नसलेली हौसाची, मास्तरांच्या बुटांची, आणि ती तिसरी, जी मी कुदळीच्या दिवसापासून ओळखत होतो. आता जरा फरफटणारी. चौथं पाऊल त्या यंत्राचं होतं, असं म्हणा. जमिनीला न टेकता चालणारं.

मी अंग चोरलं. खरंच सांगतो. कितीतरी पिढ्या मी कोणी यावं म्हणून झुरलो होतो, आणि आता कोणी येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून बसलो. चोवीस पावसाळ्यांनी बांध झिजला होता, मी जेमतेम हातभर खोल उरलो होतो. वरून एक गुणगुण उतरली. नसलेल्या मधमाश्यांची. ती माझ्या काठावरून चालली, पोटात शिरली, नाण्यानाण्याला शिवली. गप्प राहा, मी स्वतःला बजावलं. पण तांब्याला गप्प राहता येत नाही. माझ्या सगळ्या अंगाने "ओ" दिली.

मास्तरांनी कानांवरच्या वाट्या काढल्या. हौसाबाई त्यांच्या तोंडाकडे बघून खाली बसली.

खणायला दगडूलाच लागावं लागलं. घरातला पुरुष तोच होता. तो असा खणत होता की जणू खड्डा बुजवतोय. एका घावाला पहार माझ्या गळ्यात घुसली आणि मला चीर गेली, आतलं रुपं मातीवर सांडलं. मास्तर गुडघ्यांवर बसले. एक नाणं पुसून त्यांनी उन्हात धरलं. फार जुनी आहेत, ठाण्याला कलेक्टर कचेरीत कळवावं लागेल, असं काहीबाही ते बोलत होते. कोणी ऐकत नव्हतं.

"म्हंजे होता," हौसाबाई म्हणाली. रडली नाही. "म्हंजे मीच देला."

मास्तरांची एक सवय होती. वस्तू निघाली तरी खड्ड्यावरून चकती पुन्हा एकदा फिरवायची. लढाईतल्या माणसांची ती रीत होती म्हणे, एका सुरुंगाशेजारी दुसरा असतो म्हणून. त्यांनी वाट्या कानांना लावल्या. गुणगुण अजून होती. बारीक, टोकदार. चकती डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि दगडूच्या उजव्या पायाशी थांबली.

"दगडूभाऊ, जरा पाय उचला."

दगडूने पाय उचलला नाही.

"अहो, पायाखाली काहीतरी आहे."

दगडूच्या पायांचे अंगठे मातीत रुतले होते. शेवटी हौसाबाईनेच उठून त्याच्या घोट्याला हात लावला, लहान मुलाचा पाय बाजूला करावा तसा. तो सरला. तिथे चुन्याची पितळी डबी होती.

मास्तर डबी उलटीसुलटी करून बघत राहिले. ही जुनी नाही, ते म्हणाले, ही कल्याणच्या बाजारातली. हंड्याच्या झाकणाशी इतक्या खोल कशी गेली? म्हणजे आधी कोणीतरी हा खड्डा उघडला होता.

हौसाबाईने डबी पदराने पुसली. झाकणावर मोर होता. विश्रामने धाकट्या भावाच्या लग्नात त्याला ती आणून दिली होती, आणि ती हरवली म्हणून घरात केवढा शोध झाला होता. तिने डबीकडे पाहिलं, तिवरांकडे पाहिलं, मग दगडूकडे.

मित्रांनो, शाळेत तुम्हांला सांगतात, जुन्या वस्तू जपा. जपाच. पेन्सिलींची सालपटं टोपलीत टाका. पण मी भांडं आहे, मला दुसरीही एक गोष्ट ठाऊक आहे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक फार वेळ ठेवलं तर ते कळकतं. विष होतं त्याचं. न बोललेला शब्दही तसाच. कळकायच्या आत ओतून टाका, कोणी रागावलं तरी चालेल. चोवीस वर्षं उशीर झाला तरी चालेल. मी चीर पडलेल्या गळ्याने त्या मातीत पडलो होतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटत होतं, आपल्याला हाक मारता यावी. एकदाच. बोल रे, असं म्हणता यावं.

दगडू खड्ड्याच्या काठावर बसला. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले, त्या दिवशी धरले होते तसे. पण आवाज निघाला तो अगदी हळू, त्याचा स्वतःचा.

"येऊ का... वयनी, मी होतो तो. हंडा नव्हता बोलला. धन दिसलं, तुज्यापासून लपवायला मी हाक मारली. नाथा तापानं गेला, वयनी. तू त्याला कोनाला देला नाय."