लक्ष्मणरावांचा उजवा डोळा

ऑपरेशनच्या टेबलावर पडलेला म्हातारा कोण आहे, हे डॉक्टर तृप्तीला तपासणीच्या दिवशीच कळलं होतं. तोंडावरून नाही, आवाजावरून. परकर-पोलक्यात असताना हा आवाज तिनं पंचांपुढे ऐकला होता. "मंगरूनंच तुडूम उघडलं. मी माह्या डोळ्यानं पाह्यलं."

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. रातोरात तलाव रिकामा झाला, गावाचं उभं धान वाळलं, आणि लक्ष्मणरावाच्या शब्दापुढे बौद्ध मोहल्ल्यातल्या मंगरूचं कोण ऐकून घेतो? मंगरूला, म्हणजे तृप्तीच्या बापाला, तलावाच्या पाळीवरच, बांधावरच धरून झोडपलं. उजवा पाय असा मोडला, की पुन्हा कधी वाकला नाही. खरं तर दार लक्ष्मणरावाच्याच गड्यानं उघडलं होतं, मालकाच्या धानाच्या बांधीत पाणी घ्यायला. साऱ्या गावाला हे आतून ठाऊक. बोलतो कोण?

मंगरूनं गाव सोडलं, तुमसरात येऊन बसल्या जागी सायकली दुरुस्त केल्या, पोरीला डॉक्टर केलं. मागणं एकच राहिलं त्याचं. "मरायच्या आंधी त्यानं एकडाव चारचौघांत म्हणावं, मी पाह्यलं नोहतं. बस." हे ऐकून ऐकून तृप्तीचं रक्त आटलं होतं. आणि आज तोच माणूस हिरव्या कपड्याखाली, एक डोळा उघडा टाकून, तिच्या हाताखाली आला होता. लक्ष्मणरावाला मात्र ही पोरगी कोणाची, याचा पत्ताही नव्हता.

मोतीबिंदू फोडून, ओढून काढून झाला होता. आता डोळ्यात उरली होती फक्त त्याची पातळ पिशवी, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षाही नाजूक. त्यात नवीन भिंग बसवायचं होतं. सिस्टर रेणूनं इंजेक्टर तिच्या हातात दिला. पेनाएवढी नळी, तिच्या तोंडाशी घडी घालून ठेवलेलं भिंग.

"हालू नका, आजोबा," रेणू म्हणाली. "नजर कशी होती पयले?"

माणूस जागाच असतो अशा वेळी, डोळा तेवढा बधिर. लक्ष्मणराव खुशीत आला. "काय सांगू बाई! पाळीवर उभा राहून अंधारात पल्याडचा माणूस वळखत होतो मी. एक चोर धरला होता तसाच. मंगऱ्या म्हणून होता एक. असा ठोकला लोकायनं, का बस."

तृप्तीच्या डोक्यात सणक गेली. इंजेक्टरचं टोक डोळ्यात होतं. अंगठा जरा जोरात दाबला असता, तर पिशवी फाटली असती, भिंग मागं डोळ्याच्या तळाशी गेलं असतं, आणि वर 'असं होतं कधीकधी' म्हणायला ती मोकळी होती. कोण विचारणार होतं? त्या एका क्षणी तिला ते मनापासून करावंसं वाटलं. बापाचा पाय मोडल्याचा आवाज तिनं स्वतः ऐकला होता, कोणी सांगितलेला नव्हता.

मग तिच्या मनात दुसरंच आलं. हा आंधळा झाला, तर लोक कीव करतील. बिचारा म्हणतील. छे, याला दिसलंच पाहिजे. लख्ख दिसलं पाहिजे, म्हणजे बाबाला समोर पाहून नाकारायला सबब उरायची नाही.

तिनं अंगठा इतका सावकाश पुढे नेला, की रेणूही पाहत राहिली. भिंग आत सरकलं, हळूहळू उलगडलं आणि मधोमध बसलं. इतका सुरेख डोळा तृप्तीनं वर्षभरात केला नव्हता. पट्टी बांधून ती बाहेर आली आणि बापाला फोन लावला. "बाबा, उद्या सकाळी दवाखान्यात या. वार्डातच या."

या दवाखान्याची एक रीत होती. गाडी गावोगाव फिरून पेशंट आणायची, एका गावाचे सारे एकाच वार्डात. सकाळी सगळ्यांसमोर पट्ट्या सुटायच्या, आणि समोर कोण उभं आहे ते ज्यानं त्यानं मोठ्यानं सांगायचं. कोणी नातवाचं नाव घ्यायचं, कोणी बायकोचं, आणि वार्ड हसायचा.

लक्ष्मणरावाची पट्टी सुटली. समोर मंगरू बाकावर बसला होता, न वाकणारा पाय नेहमीसारखा वाटेत पसरून.

"सांगा, लक्ष्मणराव," तृप्ती म्हणाली. "कोण हाय समोर?"

म्हाताऱ्यानं पाहिलं. चेहरा पांढरा पडला. त्याच्या गावची माणसं आजूबाजूच्या खाटांवर कान टवकारून बसली होती.

"काही दिसून नाही राह्यलं," तो म्हणाला. "सारं धुकंच हाय. डोळा बिघडवला तुमी, मॅडम."

वार्डात कुजबूज झाली. तृप्तीला पुढचं दिसलं. याच तोंडानं हा बाहेर जाऊन सांगणार, आणि पुन्हा लोक यालाच मानणार. तिनं स्वतःला सावरलं.

"बरं," ती म्हणाली. "आत चला, मशीनवर पाहू. या असे, दाराकडे."

लक्ष्मणराव उठला. हात पुढे करून आंधळ्यासारखा चाचपडत निघाला. बाकापाशी आला आणि धोतराचा सोगा हातानं उचलून मंगरूच्या पायावरून अलगद पलीकडे पाऊल टाकलं. जराही धक्का न लागू देता.

साऱ्या वार्डानं ते पाहिलं. म्हातारा तिथंच थिजला. काय झालं, ते त्यालाही कळलं होतं.

"पाय दिसला म्हणायचा," मंगरू म्हणाला. त्याचा आवाज अजिबात चढला नाही. "आता उजेड हाय, लक्ष्मणराव. त्या राती अंधार होता. सांगा, दिसलो होतो मी?"

कोपऱ्यातल्या खाटेवरून कुंताबाई, त्याच्याच गावची, एका डोळ्याला पट्टी असलेली, बोलली. "सांगा ना, भाऊ. आमी बी ऐकतो."

लक्ष्मणरावाची मान खाली गेली. "नाही," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," तृप्ती म्हणाली.

"नोहता दिसला. मी पाह्यलं नोहतं."

मंगरूनं डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. तृप्तीला वाटलं होतं, तिला रडू येईल. रडू आलं नाही. गोड वाटलं, अगदी जिभेवर गूळ ठेवल्यासारखं, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

जाताना लक्ष्मणरावानं दाराशी हळूच विचारलं, "मॅडम, दुसरा डोळा?"

"करीन ना," तृप्ती म्हणाली. "असाच चांगला करीन. पट्टी सोडाच्या दिवशी बाबा येतीन."